जारच्या मानेवरची राख

धुरपताबाईनं घासलेलं भांडं लांबून ओळखू येतं, असं अड्याळच्या अंगाला अजूनही म्हणतात. लग्नातले पाण्याचे पितळी गुंड असोत, पंगतीचे गंज असोत, तिच्या हाताखालून गेले की त्यात पाहून कुंकू लावावं. युक्ती म्हणाल तर काहीच नाही. चुलीतली राख, तीही ऐनाच्या लाकडाची, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळलेली. "राख विस्तवातून निघालेली असते, तिच्याएवढं चोखट काही नाही," असं तिची माय सांगायची. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्या बोलण्यावर धुरपताबाईचं चाललं, आणि त्रेपन्नाव्या वर्षी त्याच राखेनं तिच्या तोंडचं पाणी पळवलं.

पवनीच्या रस्त्यावर एक कॉलेज आहे. त्याच्या मागच्या बैठ्या इमारतीत रसायनाची लॅब आहे. तिथं ती सात वर्षांपासून काचेची भांडी धुते. नोकरी ठेक्याची. दर अकरा महिन्यांनी नवा कागद येतो आणि त्यावर घनश्याम सरांची सही झाली की पुढचे अकरा महिने सुरू होतात. घनश्याम सर म्हणजे लॅबचे मुख्य. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या टेबलावर गेलेला कागद लवकर परत येत नाही.

लॅबमध्ये काय चालतं हे पहिली दोन वर्षं धुरपताबाईनं विचारलंच नाही. आपलं काम धुण्याचं, शिजवणारे वेगळे. पण सानगडीची दामिनी कापगते संशोधनाला आली आणि ते सगळं बदललं. ही पोरगी एकटीनं बसून डबा खात नसे. धुरपताबाईच्या मोरीपाशी स्टूल ओढायची, तिच्या डब्यातली लाखोळीची भाजी अर्धी संपवायची आणि वर आपल्या तेलाची गोष्ट सांगायची.

"सूर्यातून असे कण येऊन राहिले मावशी, की ते तुमच्यातून, माझ्यातून, या भिंतीतून आरपार निघून जातात. कोणाले थांबत नाहीत. लाखो-कोटींतून एखादा या तेलात धडकला, तर तेल एवढुसं चमकते. तेवढंच त्याचं दर्शन."

"मंग त्याले पाहून करता काय?"

"आधी पाहू तर द्या," म्हणून दामिनी हसायची.

तेल दिसायला पाण्यासारखं, वास जेमतेम. कपडे धुवायची पावडर ज्या तेलापासून करतात तेच हे, असं दामिनीनं सांगितलं तेव्हा धुरपताबाईला मोठी गंमत वाटली. नुसतं तेल मात्र नीट चमकत नाही. त्यात एक पांढरी पावडर विरघळवावी लागते. विकत मिळते ती पावडर मळकट असते. डोळ्याला दिसत नाही तो मळ, पण कणांच्या हिशेबानं मळकट. दामिनीनं तीन वर्षं ती पावडर स्वतः शुद्ध केली. विरघळवायची, गाळायची, थंड करून पुन्हा स्फटिक धरू द्यायचे, पुन्हा विरघळवायची. मिठासारखी पांढरीफटक पावडर, सहा बाटल्या. पोरीची तीन वर्षं म्हणजे त्या सहा बाटल्या, एवढं धुरपताबाईला कळत होतं.

आता धुरपताबाईच्या भेवाचं मूळ सांगायला हवं, नाही तर पुढचं समजणार नाही.

चौदा वर्षांपूर्वी ती गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. एका दिवशी एकोणतीस पोरांना उलट्या झाल्या. देवाची कृपा, सगळी वाचली. चौकशी लागली. शाळेचे श्यामराव गुरुजी महिनाभर ओल लागलेल्या खोलीत डाळीची पोती ठेवत होते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण विचारणारे आले तेव्हा कोणी बोललं नाही. धुरपताबाई मात्र बोलली. "सकाळी हातपंप बंद होता साहेब, म्हणून मी बोडीच्या तळ्याजवळच्या विहिरीचं पाणी आणलं." खरं तेच सांगितलं. गुरुजी म्हणाले, "खरं बोललीस, बरं केलंस. इथं अंगठा लाव." तिनं लावला. तेव्हा तिला वाचता येत नव्हतं. पुढच्या सोमवारी शाळेत दुसरी बाई आली. त्या कागदात डाळीचं नावही नव्हतं. सगळं पाणी, आणि पाणी आणणारी धुरपता.

त्यानंतर चार-पाच वर्षं कोणाच्या पंगतीत तिला भाजी चिरायला बसवलं नाही. भांडी घासायला तेवढी बोलवत. समोर कोणी काही म्हणायचं नाही, पण तिच्या हातचं पाणी घेताना बायका थबकायच्या. चाळिशीत तिनं प्रौढ वर्गात जाऊन अक्षरं गिरवली ती याच जिद्दीनं, की न वाचता कागदाला पुन्हा काही लावायचं नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही बाई तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली.

म्हणून लॅबमधलं धुण्याचं रजिस्टर तिला देव्हाऱ्यासारखं होतं. तारीख, भांड्याचा नंबर, मग रकाने: साबण, नळाचं पाणी तीनदा, आम्ल, शुद्ध पाणी तीनदा. प्रत्येक रकान्यात खूण, शेवटी सही. 'धुरपता तुलाराम लांजेवार' असं पूर्ण नाव ती लिहायची, रकान्यात मावत नसलं तरी. सात वर्षांत एक खूण खोटी नव्हती.

डिसेंबरात ती खोटी झाली.

दामिनीचं तेल तपासायला परराज्यातल्या एका जुन्या खाणीत पाठवायचं ठरलं होतं. जमिनीच्या खूप खाली तिथं मोजणी होते, कारण वरचा गोंगाट तिथं पोचत नाही. महिनाभराची पाळी मिळाली होती आणि ती चुकली तर पुढचं वर्ष. तेल जायचं होतं वीस लिटरच्या काचेच्या जारमधून. जार धुवायचा होता गुरुवारी, कारण शुक्रवारी दामिनी तो भरणार होती. आणि काच धुवायचा जो खास साबण असतो, तो संपत आला होता. धुरपताबाईनं सरांना तीनदा सांगितलं होतं. मागणीची चिठ्ठी टेबलावर काचेच्या गोळ्याखाली होती. "हो हो, मागवतो," सर म्हणाले होते, तीनही वेळा.

गुरुवारी दामिनी नायट्रोजनची टाकी आणायला नागपूरला गेली. धुरपताबाईनं बाटलीच्या तळचा साबण पाण्यानं खळखळून काढला आणि जारच्या पोटापुरता पुरवला. मग आम्ल, मग पाणी, सगळं झालं. शेवटी तिनं जार खिडकीपाशी उजेडात धरला. मान होती खरबरीत, घासलेल्या काचेची, झाकण घट्ट बसावं म्हणून असते तशी. त्या खरबरीत काचेत जुन्या ग्रीसचं पिवळसर कडं बसलं होतं.

असा डाग ठेवून जार द्यायचा? दामिनीला? धुरपताबाईच्या जिवावर आलं.

मोरीखाली तिच्या जेवणाचा डबा घासायला राखेची एक डबी होती. घरून आणलेली, गाळलेली. तिनं ओल्या फडक्यावर चिमूटभर घेतली, बोटाला गुंडाळून मानेतून दोन फेरे दिले. कडं गेलं. मग शुद्ध पाण्यानं तिनं मान दहादा खळखळली. रजिस्टरात तीनदा होतं, हिनं दहादा केलं. काच अशी निघाली की आहे की नाही कळू नये. रजिस्टरमध्ये साबणाच्या रकान्यात तिनं खूण केली, कारण साबण लावलाच होता, थोडा का होईना. राखेला रकानाच नव्हता. सही केली आणि खुशीत घरी गेली.

शुक्रवारी दामिनीनं जार भरला. खोलीचा दिवा मालवून जांभळा दिवा लावला आणि वीस लिटर तेल निळं पेटलं. धुरपताबाई दारात उभी होती. "मावशी," दामिनी म्हणाली, "तुमच्या हातचा जार आहे म्हणून मले रात्री झोप लागली." शनिवारी जार थर्माकोलमध्ये, मग लाकडी पेटीत बसून रवाना झाला.

आठ दिवसांनी शाळेची पोरं लॅब पाहायला आली. दामिनी त्यांना समजावून सांगत होती आणि धुरपताबाई धुतलेल्या नळ्यांचा ट्रे घेऊन मागून जात होती.

"हे तेल एवढं चोखट पायजे, की त्यात दुसरं काहीच चमकलं नाही पायजे," दामिनी म्हणाली. "सगळ्यात मोठा वैरी पोटॅशियम. त्याच्यातला थोडासा भाग आपसूक फुटत राहते, अन् फुटला की तेल चमकते. मग खरा कण कोणता अन् हा कोणता, कसं ओळखाल? अन् पोटॅशियम कुठं नाही? केळात आहे, आपल्या घामात आहे. म्हणून मी हातमोज्याशिवाय जारले हात लावत नाही. अन् सगळ्यात जास्त कशात, सांगा?"

पोरांनी मीठ म्हटलं, माती म्हटलं.

"चुलीतल्या राखेत," दामिनी म्हणाली. "या खोलीत चिमूटभर राख आली तर माझे तीन वर्षं गेले समजा."

पोरं हसली. धुरपताबाईच्या ट्रेमधल्या नळ्या एकमेकींवर आपटून किणकिणल्या. मोरीपाशी येऊन तिनं ट्रे ठेवला आणि खाली बसली. डबी समोरच होती, पत्र्याची, पूर्वी चहापत्तीची. तिनं ती पदराखाली घेतली, मग परत ठेवली, मग पिशवीत घातली. दहादा खळखळलं, एवढंच ती मनाशी म्हणत राहिली. दहादा तर खळखळलं.

तेव्हापासून जे दिवस सुरू झाले ते वैऱ्यावर येऊ नयेत. जार तिकडे खाणीत, जमिनीखाली, मोजणी चाललेली. आणि इकडे ही. कोणी "धुरपताबाई" अशी हाक मारली की ती दचकून वळायची. सरांचा फोन वाजला की हात थांबायचे. दामिनी रोज सकाळी कॉम्प्युटर उघडायची, काही आलं का बघायला, आणि "नाही आलं" म्हणाली की धुरपताबाईला तेवढ्या दिवसापुरता जीव मिळायचा. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. तिला वाटायचं, सगळ्यांना माहीत आहे, बोलत नाहीत एवढंच. रजिस्टरचं ते पान ती रोज उघडून बघायची. खूण तशीच होती, सही तशीच होती. आपलंच अक्षर तिला परक्याचं वाटायला लागलं.

आता घरी चूल पेटवायची ती, पण विझल्यावर राख उपसावी लागायची तुलारामला. नवऱ्याच्या हे लक्षात यायला आठवडा लागला.

"काहून व, राखेले हात काहून लावत नाही तू?" त्यानं विचारलं. तुलाराम मळणी आटोपून घरामागच्या सांदवाडीत धान उफणत होता. मोठा शांत माणूस. दोन एकर धानाच्या बांध्या, एक बैलजोडी आणि कमी बोलणं, एवढीच त्याची इस्टेट.

तिनं सगळं सांगितलं. सांगता सांगता रडली. तुलारामनं सूप खाली ठेवलं.

"कोणी पाह्यलं काय?"

"नाई."

"मंग चूप राह्य. झाकली मूठ सव्वा लाखाची. मागं खरं बोलून काय भेटलं तुले? मले गावात मान वर करून चालता येत नोहतं. आठवत नाई काय?"

"अवो, पण त्या पोरीचं..."

"पोरगी शिकलेली हाये. तिचं काही अडत नाई. आपलं अडते." तो पुन्हा धानाकडे वळला. मग मान न वळवता म्हणाला, "अन् तुमचा तो कागद कधी संपते, अकरा महिन्याचा?"

"फेब्रुवारीत."

तुलारामनं सूप पुन्हा उचललं. पुढचं सांगायची गरज नव्हती.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. सकाळची साडेदहाची वेळ. दामिनीनं ते वाचलं, दोनदा वाचलं आणि कागद छापून घेऊन सरांच्या खोलीत गेली. मधलं दार लोटलेलं होतं, लागलेलं नव्हतं. धुरपताबाईनं नळ बंद केला. ऐकायचं नव्हतं, पण नळ बंद केला.

"बाकी सगळं चांगलं आहे," सरांचा आवाज आला. "युरेनियम नाही, थोरियम नाही. पोटॅशियम मात्र आपण धरलं होतं त्याच्या चाळीस पट. दामिनी, हे पावडरीतूनच येतं, सगळ्या जगाला माहीत आहे. तुझी शुद्धीची पद्धत चालली नाही, हे आता मान्य करू."

"सर, मी चारदा तपासलं होतं. लहान बाटलीत एवढं नव्हतं."

"लहान बाटलीत मोजणी कच्ची होती. मार्चमध्ये आढावा समितीपुढे मी काय दाखवू? हा विषय बंद करू. विकतची पावडर घे, काहीतरी साधं करून प्रबंध पुरा कर. आणि त्या सहा बाटल्या जागा अडवताहेत, त्यांचं काय ते कर."

दामिनी बाहेर आली. रडत नव्हती. कपाटातून तिनं एकेक करून सहाही बाटल्या काढल्या, टेबलावर मांडल्या आणि पहिलीवरचं लेबल नखानं सोलायला लागली. धुरपताबाई जवळ गेली.

"माझ्याच हातानं काही राहून गेलं असंल मावशी," दामिनी म्हणाली. "एखाद्या वेळेस मोजा फाटला असंल, घाम लागला असंल. मले आठवून नाही राहिलं. रातभर आठवलं तरी आठवणार नाही."

लेबल अर्धं निघालं होतं. दामिनीच्या नखाखाली कागदाचा लगदा जमला होता. धुरपताबाईला बोलायचं होतं. फेब्रुवारी आठवला, तुलाराम आठवला, श्यामराव गुरुजींचं "बरं केलंस" आठवलं. मायच्यान सांगतो, तिथून पळून जावं असंच तिला वाटत होतं. पाय दाराकडे वळलेसुद्धा. पण ही पोरगी आता आयुष्यभर आपल्या हातांवर संशय घेणार, आणि तो संशय कसा असतो हे धुरपताबाईएवढं कोणाला ठाऊक होतं? चौदा वर्षं ती प्रत्येक घागरीत वाकून बघत होती.

तिनं पिशवीतून डबी काढली, सरांच्या खोलीत गेली आणि डबी टेबलावर ठेवली.

"हे काय?" सर म्हणाले.

"राख हाये सर. जारच्या मानेले मी लावली होती."

दामिनी मागून आली होती. डबीचं झाकण तिनंच उघडलं. मग दामिनीनं विचारलं, "कुठं कुठं लावली, मावशी? पोटात?"

"नाई. मानेलेच. दोन फेरे. मंग दहादा पाणी घातलं बाई, मी शपथ घेतो."

"खरबरीत काच आहे ती," दामिनी हळू म्हणाली. "तिच्यात बसली तर पाण्यानं निघत नाही." तिचा आवाज बदलला होता. तो राग होता की दुसरं काही, धुरपताबाईला ओळखता आलं नाही, आणि तेच जास्त भेवाचं होतं. दामिनीनं तिच्याकडे पाहिलंही नाही. फोन काढून ती बाहेर गेली.

खाणीतल्या लोकांना तिनं विनंती केली, की जारची मान आतून पुसून ते फडकं वेगळं मोजा. तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत दामिनी डबा खायला मोरीपाशी आली नाही. धुरपताबाईचा डबा भरलेलाच घरी परत गेला. तुलाराम पहिल्या दिवशी चिडला, दुसऱ्या दिवशी गप्प झाला, तिसऱ्या दिवशी तिला स्टँडपर्यंत सोडायला आला, जे त्यानं सात वर्षांत केलं नव्हतं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. सगळं पोटॅशियम मानेत होतं. तेल भरताना मानेवरून वाहिलं ते थोडं घेऊन आत गेलं. पावडर चोख होती. त्यांनी लिहिलं होतं, इतकी चोख पावडर आम्ही पहिल्यांदा मोजतो आहोत. स्वच्छ जार पाठवा, पुढच्या महिन्यात मधली एक पाळी रिकामी आहे.

दामिनी धावत मोरीपाशी आली आणि धुरपताबाईच्या ओल्या हातांना धरून उभी राहिली. धुरपताबाईच्या छातीवरचा दगड हलला, पण उतरला नाही, कारण तेवढ्यात सरांचं बोलावणं आलं.

दामिनीही तिच्या मागोमाग आत आली. सरांनी कागद टाइप करून ठेवला होता. समितीला जायचा खुलासा. "तुम्ही खरं सांगितलंत धुरपताबाई, बरं केलंत," सर म्हणाले. "आता इथं सही करा."

चौदा वर्षांपूर्वीचेच शब्द. सर काही श्यामराव गुरुजी नव्हते, डोळ्यांत कपट नव्हतं, चहाचा कप हातात होता. पण भेव काही माणूस पाहून येत नाही.

"आधी वाचतो," ती म्हणाली.

सर थोडे चमकले. "वाचा ना."

खुर्चीवर बसायला कोणी सांगितलं नव्हतं. उभ्यानंच, ओळीखाली बोट धरून, ती वाचायला लागली. ओठ हलत होते. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं, सरांचा चहा निवत होता आणि एकेक अक्षर जोडत ही बाई चालली होती. 'धुलाई कर्मचाऱ्याने सूचना मोडून, निष्काळजीपणाने राख वापरली.' तिनं मान हलवली. कडू होतं, पण खोटं म्हणता येत नव्हतं. सूचनेत राख नव्हतीच. पुढची ओळ होती, 'प्रयोगशाळेत धुलाईचे सर्व साहित्य उपलब्ध होते.' तिथं बोट थांबलं.

"उपलब्ध म्हणजे काय व?" तिनं दामिनीला विचारलं.

दामिनी खाली पाहत होती. "म्हणजे होतं. हाताशी होतं."

"साबण तर नोहता."

सर म्हणाले, "बाई, ती औपचारिक ओळ आहे. सगळ्याच अहवालांत असते."

धुरपताबाईनं टेबलाकडे पाहिलं. काचेच्या गोळ्याखाली तिची चिठ्ठी होती तशीच, कोपऱ्यावर धूळ. फेब्रुवारी आठवड्यावर आला होता, आणि अकरा महिन्यांच्या कागदावर सही याच हातानं व्हायची होती, ज्या हातात कप होता. गप्प बसावं, सही करून मोकळं व्हावं. कोणाचं काय जातं? पोरीची पावडर तर वाचली. ती मनाशी एवढं बोलली आणि सरांच्या टेबलावरचा पेन उचलला.

सही केली नाही. टाइप केलेल्या मजकुराखाली जी रिकामी जागा होती तिथं ती वाकली आणि लिहायला लागली. 'साबण संपला होता. मी सरले तीनदा सांगतलं होतं. राख मी लावली. कोणाले न विचारता लावली.' मग पूर्ण नाव, धुरपता तुलाराम लांजेवार. लिहून झाल्यावर तिनं पेन टोपण लावून ठेवला आणि हात पदरात लपवले.

सरांनी कागद उचलून वाचला. त्यांचा चेहरा लाल झाला, मग उतरला. तोंड उघडून ते काही बोलणार, तोच दामिनीनं हात पुढं केला.

"सर, पेन द्या."

तिची पीएचडी याच माणसाच्या हातात होती, आणखी दोन वर्षं. धुरपताबाईच्या नावाखाली दामिनीनं लिहिलं, 'हे खरं आहे,' आणि आपली सही केली.

सरांनी दोघींकडे पाहिलं. गोळा उचलून चिठ्ठी बाहेर काढली, तिच्यावरची धूळ फुंकली आणि तिथंच तिच्यावर सही केली. खुलाशाच्या कागदाचं ते काय करणार, हे बोलले नाहीत. तो त्यांनी खणात ठेवला आणि खण लावला.

"उद्या येऊ का नको, सर?" धुरपताबाईनं विचारलं. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा विचारलं.

सर खिडकीबाहेर पाहत होते. "साबण यायला चार दिवस लागतील," ते म्हणाले. "तोवर जारला कोणी हात लावायचा नाही. साबण आला की तुम्हीच धुवा. दामिनी समोर उभी राहील."

फेब्रुवारीच्या कागदाचं त्यांनी काहीच सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी घरी गेल्यावर तिनं तुलारामला इतक्या दिवसांत पहिल्यांदा राख मागितली. देवाचा गुंड काळा पडला होता. ती ओसरीत बसली, ओल्या फडक्यावर चिमूटभर राख घेतली आणि घासायला लागली. तुलाराम उंबऱ्यावर बसून पाहत होता.

"ठेवते काय तुले कामावर?" त्यानं विचारलं.

"मालूम नाई."

"मंग?"

"मंग काही नाई. वाचून सही केली या टायमाले." गुंडाला तिनं पाणी घातलं, तो उजेडात धरला, फिरवून पाहिला. मग उठली, सांदवाडीतल्या बादलीपाशी गेली आणि हात धुतले, तीनदा.